हॉट प्रेसमधलं प्रथिन

मी नोकरीत नेमकं काय करत होते, हे डब्लिनच्या मराठी मंडळींना मी निवृत्त होईपर्यंत कळलं नाही. आयटीवाल्यांचं बरं असतं. "आयटीत आहे" म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि समोसा आणायला जातो. मी एकदा गणपतीच्या आरतीनंतर सांगून बसले, "मी प्रथिनं बनवते." शेजारी जिममध्ये घडवलेले दंड घेऊन एक तरुण उभा होता, तो टुणकन पुढे आला. "काकू, चॉकलेट फ्लेवर आहे का? मंडळाला काही डिस्काउंट?" मी म्हटलं, "बाळा, मी महिनाभर राबले तर जे काही तयार होतं ते तुझ्या करंगळीच्या नखावर मावेल." त्याला माझी इतकी कीव आली की त्यानं मला स्वतःच्या ताटातला मोदक दिला.

मंडळाच्या या अंकाच्या संपादकबाईंनी मला बजावलंय, "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण कळेल असं लिहा." त्यातला 'पण' मला लागला. तरी लिहिते.

जिथं जीव आहे तिथं प्रथिनं बनतात, हे शाळेत शिकलोच आपण. औषधासाठी किंवा तपासणीच्या किटसाठी एखादं ठरावीक प्रथिन हवं असेल तर नेहमीची रीत अशी, की एखादा साधासुधा जीवाणू धरायचा, हव्या त्या प्रथिनाची कृती, म्हणजे डीएनए, त्याच्या पोटात सरकवायची आणि त्याला खाऊपिऊ घालून वाढवायचं. पुण्यातल्या कारखान्यात मी वर्षानुवर्षं हेच केलं. दुमजली स्टीलच्या टाक्या, आणि त्यात कोट्यवधी जीवाणू. जीवाणू कसले, जावई! साखर कमी पडली की रुसले, हवा कमी पडली की रुसले, आणि नको तो पाहुणा टाकीत शिरला की अख्खी टाकी ओतून द्यायची.

आयर्लंडला आल्यावर मी ज्या कंपनीत लागले तिथं जावयांना घरातच घ्यायचं नाही असं ठरलं होतं. तिथं जीवाणू फोडायचे, टरफलं टाकून द्यायची आणि आतला रस ठेवायचा. प्रथिन बनवायची सगळी हत्यारं त्या रसात शाबूत असतात. त्यात डीएनएची कृती टाकली, कच्चा माल टाकला, ऊब दिली, की जीव नसतानाही काम सुरू होतं. आचारी घरी गेलाय आणि स्वयंपाकघर चालूच आहे, असा प्रकार. आणि हे चालतं कुठे, तर चिपवर. बिस्किटाएवढी पारदर्शक प्लास्टिकची चकती, तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या कोरलेल्या, आणि शेवटी एक खळगा. त्या खळग्यात जमतो तो आमचा माल, थेंबभर.

"थेंबभर मालाचं करायचं काय?" असं माझ्या नवऱ्यानंही विचारलं होतं. एका थेंबात पुष्कळ चाचण्या होतात. शिवाय काही प्रथिनं अशी जहरी असतात की ती बनवता बनवता बिचारा जीवाणूच मरतो. आमच्याकडे मरायला कुणी नव्हतंच, म्हणून असली कामं आमच्याकडे यायची.

कंपनी म्हणजे आम्ही दोघं. डेक्लन हा मालक. कॉलेजातली पक्की नोकरी सोडून चिपच्या नादी लागलेला, उंचापुरा, सज्जन, आणि कुठल्याही संकटात "इट'ल बी ग्रँड", म्हणजे होईल सगळं ठीक, म्हणणारा. राहायला डून लेरीला, समुद्राकाठी. चिपा तो घरीच गॅरेजमध्ये बनवायचा. त्या भरायच्या, चालवायच्या आणि आलेला माल तपासायचा हे माझं काम. मी ओंगारला, शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. वय पन्नाशीच्या बरंच पुढे.

दोन हजार वीस सरता सरता ज्या इमारतीत आमचं एक टेबल भाड्यानं होतं ती इमारत कोविडमुळे बंद झाली. डेक्लन म्हणाला, "वसू, आपल्या कामात जिवंत असं काही नाहीच. तू घरी का नाही करत?" मी हो म्हटलं आणि आमच्या घरातल्या त्या कपाटाएवढ्या तिसऱ्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. चिप उबदार ठेवायची एक विजेची पेटी होती, ती नेमकी बिघडली. नवी इंग्लंडहून मागवली. जानेवारीत इंग्लंडचं पार्सल म्हणजे काय ते तेव्हा इथं असलेल्यांना सांगायला नको. ब्रेक्झिटमुळे कस्टमचे नवे नियम लागले होते आणि आमची पेटी कुठल्याशा गोदामात मुक्कामाला बसली होती.

मग मी चिप हॉट प्रेसमध्ये ठेवली. इथं प्रेस म्हणजे कपाट, आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याची टाकी असलेलं कपाट. प्रत्येक आयरिश घरात ते असतं आणि त्यात टॉवेल वाळत असतात. इथल्या प्रत्येक भारतीय घरातही ते असतं आणि त्यात इडलीचं पीठ फुगत असतं. आमच्या हॉट प्रेसमध्ये सासूबाईंचं दही लागायचं.

सासूबाई अमरावतीच्या. थोडे दिवस राहायला म्हणून आल्या आणि विमानं बंद झाल्यानं अडकल्या. मी टॉवेल काढले, वरच्या फळीवर चिप ठेवली आणि खालच्या फळीवर दह्याचं भांडं राहू दिलं. सासूबाईंनी चिपकडे बोट दाखवलं.

"ह्याच्यात काय हाय वं?"

"फोडलेल्या जीवाणूंचा रस आहे, आई."

"मेलेले किडे? माह्या दह्यापाशी?"

"मेलेले नाहीत. म्हणजे जिवंतही नाहीत."

"मंग काय व्हय थे? मेलेलं नाई, जित्तं नाई, अन् माह्या दह्यावर नजर ठेवून राह्यलं!"

दह्यावर झाकण आलं, झाकणावर ताट आलं आणि ताटावर वरवंटा आला.

आता गिऱ्हाईक. नोएल हा किल्डेअरकडचा घोड्यांचा डॉक्टर. तिकडे घोडा म्हणजे घरातला माणूस, किंबहुना माणसापेक्षा जरा वरचाच. शिंगरांच्या फुफ्फुसात गाठी करणारा एक जीवाणू असतो. शिंगरू खोकायला लागेपर्यंत कळत नाही आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. नोएलला त्या जीवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन हवं होतं, म्हणजे रक्ताच्या थेंबावरून आधीच तपासता आलं असतं. हा गृहस्थ नेहमी जीपमधून व्हिडिओ कॉल करायचा. फोन कुठे धरायचा हे त्याला कधीच जमलं नाही, त्यामुळे मला त्याचा एक कान दिसायचा नाहीतर घोड्याचा पार्श्वभाग. "युअर मॅन उठला का?" असं तो विचारायचा. युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत कुणीही तिसरा इसम. आमचं प्रथिन त्याच्या दृष्टीनं एक आळशी इसम होतं.

आणि होतंच ते आळशी. प्रथिनाची लांबलचक साखळी तयार झाल्यावर ती नीट घडी घालून बसावी लागते, तरच ती कामाची. ऊब दिली की हे प्रथिन भराभर बनायचं आणि घडी न घालता एकमेकांत गुंतून गुठळ्या व्हायच्या. दूध नासावं तसं. नळ्या तुंबायच्या, चिप फुकट. थंड ठेवून पाहिलं तर मुळात काही बनायचंच नाही. गुठळी झाली की नाही हे कळावं म्हणून आम्ही त्याला एक शेपटी जोडली होती. प्रथिन नीट घडलं तरच निळ्या उजेडात ती हिरवी चमकते. मी रोज नारिंगी चष्मा लावून निळी बॅटरी मारायचे. रोज अंधार. नवरा दुसऱ्या खोलीतल्या मीटिंगमधून ओरडायचा, "चमकलं का?" मी त्याला काय बोलायचे ते या अंकात छापता येणार नाही.

फेब्रुवारीत डेक्लनचा फोन आला. या वेळी तो ग्रँड म्हणाला नाही. "वसू, शुक्रवारी नोएलच्या तपासणीला पैसे देणाऱ्या घोडेवाल्यांची समिती बसणार आहे. त्यांना चांगला नमुना दाखवता आला तर काम आपलं. नाहीतर मला कंपनी बंद करावी लागेल. चिपाही शेवटच्या दोनच उरल्यात."

फोन ठेवून मी जिन्यात बसले. खरं सांगते, मला रडू आलं. या वयात मला कोण घेणार होतं? पुण्यात मी टाकीची राखण केली. टाकी साहेबांची, निर्णय साहेबांचे. ही चिप माझी होती. माझ्या हातानं भरलेली, माझ्या डोक्यानं चालवलेली, बिघडली तरी माझी. ती मला सोडायची नव्हती.

मंगळवारी डेक्लन चिपा घेऊन निघाला. घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती, पण त्याच्याकडे आवश्यक कामाचं पत्र होतं. वाटेत पोलिसानं थांबवलं.

"डब्यात काय आहे?" पोलिसानं विचारलं. चिपा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या.

"घोड्याच्या रोगाचं प्रथिन बनवायचं यंत्र," डेक्लननं खरं ते सांगितलं.

पोलिसानं डब्यावरच्या बिस्किटांच्या चित्राकडे पाहिलं, डेक्लनकडे पाहिलं, आणि आवाज खाली करून विचारलं, "शर्यतीतल्या घोड्यांसाठी का? कुठल्या घोड्यावर पैसे लावू?" डेक्लन म्हणाला, माहीत नाही. पोलिसानं त्याला सोडलं, पण विश्वास ठेवला नाही असं डेक्लनचं म्हणणं.

घरात बाहेरच्या माणसाला घ्यायचं नव्हतं. म्हणून तो मागच्या अंगणात खुर्ची टाकून कोट घालून बसला आणि मी वर जाऊन पहिली चिप भरली. वाळवलेल्या रसात पाणी आणि कृती सोडली, नळ्यांमधून बुडबुडा न येता रस सरकेपर्यंत श्वास रोखून धरला, आणि ती हॉट प्रेसमध्ये ठेवली. आमच्याकडे त्या टाकीचं विजेचं बटण, ज्याला इथं इमर्शन म्हणतात, कपाटाच्या आतच आहे. त्याला दोन खुणा असतात: 'सिंक', म्हणजे भांड्यांपुरतं थोडंसं पाणी, आणि 'बाथ', म्हणजे अंघोळीपुरती अख्खी टाकी. मी ते 'बाथ'वर टाकलं. दार लावलं आणि घरात जाहीर केलं, की उद्या सकाळपर्यंत हे दार कुणीही उघडायचं नाही, मीसुद्धा नाही, ऊब जाते.

तोवर अंगणात वेगळंच चाललं होतं. दारात आलेला माणूस थंडीत बसलाय हे सासूबाईंना सहन होईना. त्यांनी चहा पाठवला. तो संपला, आणखी पाठवला. डेक्लनला नाही म्हणता येईना आणि सासूबाईंना इंग्रजी कळेना. आलं घातलेला, दुधाचा, मोठ्या मगातून. शेवटी हा सहा फुटी माणूस काचेच्या दाराशी येऊन पाय बदलत उभा राहिला.

"वसू, फार वाईट वाटतं विचारायला, पण वाटेत एकही कॅफे उघडा नाहीये."

मी दोन मास्क लावून बाजूला झाले. सासूबाईंनी नाकावर पदर घेतला. तो टाचा उचलत वर गेला आणि थोड्या वेळानं एखादं सत्कृत्य करून आल्यासारखा प्रसन्न चेहऱ्यानं खाली आला. "इट'ल बी ग्रँड," म्हणाला आणि गेला.

बुधवारी सकाळी मी हॉट प्रेस उघडलं. आत गार. टाकीला हात लावला, तीही गार. बटणाचा लाल दिवा बंद. खालच्या फळीवरचं दही म्हणजे नुसतं दूध.

मी खाली येऊन सासूबाईंवर जे बरसले! वीज वाचवायची सवय, दिसेल ते बटण बंद करायची खोड, माझ्या कामाची कुणाला किंमत नाही, सगळं काढलं. माझा दम संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माहं दही बी गेलं नं वं! मी माह्यंच दही नासवीन काय?"

नवऱ्यावर संशय घ्यावा, तर त्याला ते बटण कुठे आहे हेच माहीत नाही. माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून मी दुपारी शिरा केला. पण त्याआधी डेक्लनला फोन करून सांगितलं, की सगळं संपलं, इमर्शन कुणीतरी बंद केलं.

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "लाल दिवा असलेलं?"

"डेक्लन!"

"हात पुसायला टॉवेल शोधत होतो. टॉवेल हॉट प्रेसमध्येच असतात, म्हणून उघडलं. चिपला मी बोटही लावलं नाही, वसू. पण इमर्शन चालू राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं! मी ठेवलं होतं!"

"बाथवर होतं," तो म्हणाला. आणि खरंच सांगते, त्या आवाजात तक्रार होती.

तुम्हाला हे कळायला आयर्लंडमध्ये राहायला हवं. इथल्या पोराला चालता यायच्या आधी शिकवतात, की इमर्शन चालू ठेवून घराबाहेर पडणं हे पाप. सुट्टीला निघालेली कुटुंबं अर्ध्या रस्त्यातून माघारी येतात. ज्याची सगळी कंपनी त्या कपाटात होती, तो माणूस तिच्याकडे पाहत उभा होता आणि त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. मी त्याला मराठीत बोलले. बराच वेळ. तो मधे मधे "फेअर इनफ" म्हणत होता.

फोन ठेवला. चिप धुवून टाकायला घेतली आणि नुसत्या सवयीनं चष्मा चढवून बॅटरी मारली.

हिरवं! खळगा काठोकाठ हिरवा. पोपटाच्या पंखासारखा. एक गुठळी नाही, एक नळी तुंबलेली नाही. मी ओरडले. नवरा हेडफोन घालूनच धावत आला, सासूबाई आल्या. मी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर लावला. त्यांनी वाकून पाहिलं. "मेलं नाई म्हनत होती थे बरोबर हाय," म्हणाल्या.

मग डोकं चालायला लागलं. आम्ही गरम करून पाहिलं होतं, थंड करून पाहिलं होतं. गरम सुरू करून मग टाकी निवत जाईल तसं हळूहळू गार होऊ द्यायचं, हे आम्हाला सुचलं नव्हतं, कारण आमच्या पेटीला तसं बटणच नव्हतं. उबेत कामाला वेग आला, साखळ्या बनल्या, आणि गारठ्यात त्यांना घडी घालायला निवांत वेळ मिळाला. पण एकदा झालं म्हणजे योगायोग. दुसरी आणि शेवटची चिप मी तशीच भरली, तसंच बटण टाकलं, तेवढाच वेळ थांबून बंद केलं. त्या दिवशी मी कुणालाही चहा दिला नाही. गुरुवारी सकाळी ती चिपही हिरवी झाली.

शुक्रवारी समिती कॉलवर आली. नोएलचा कान, आणखी काही चेहरे, आणि अध्यक्ष म्हणून एक वयस्कर गृहस्थ, स्वतःच्या स्वयंपाकघरात टोपी घालून बसलेले. मी दोन्ही चिपा कॅमेऱ्यासमोर धरून निळा उजेड टाकला. कुणीतरी शीळ घातली. अध्यक्षांनी विचारलं, "इतके महिने होत नव्हतं, ते आता कसं झालं?"

डेक्लन घाबरला की मोठे शब्द वापरतो. "आम्ही एक नियंत्रित, टप्प्याटप्प्यानं उतरणारी औष्णिक प्रक्रिया विकसित केली."

"म्हणजे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

डेक्लन तेच शब्द उलट्या क्रमानं सांगायला लागला. मला खोटं ऐकत बसवत नाही, हा माझा जुना आजार. मी बोलून गेले, "त्यांनी माझ्या घरातलं इमर्शन बंद केलं. चुकून. मग आम्ही तेच पुन्हा मुद्दाम करून पाहिलं, आणि पुन्हा झालं."

गेली नोकरी, म्हटलं. डेक्लननं डोळे मिटून घेतले होते.

अध्यक्ष पुढे वाकले. "चालू राहिलं होतं?"

"हो."

"सिंकवर का बाथवर?"

"बाथवर."

कॉलवर सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. प्रथिन पाहूनसुद्धा इतकं झालं नव्हतं. अध्यक्षांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"नळ्यांमधलं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "पण माझा जन्म घोड्यांच्या बाजारात गेला. विकणारा आपल्या तोंडानं घोड्याची खोड सांगायला लागला की मी घोडा घेतो. काम तुम्हालाच. ही बाई कामावर राहणार असेल तर."

"राहणार," डेक्लन म्हणाला. इतक्या झटकन त्याला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी लॅपटॉप बंद केला, पण उठता येईना. ज्या शिंगरांसाठी हे सगळं केलं त्यातलं एकही मला तेव्हा पाहता आलं नाही. ओंगारपासून पाच किलोमीटरच्या आत घोडा नाही. पुढेही राहूनच गेलं, त्याची चुटपुट आहे. पण त्या क्षणी माझ्या मनात शिंगरं नव्हती. मला माझं काम हवं होतं, आणि ते मला मिळालं होतं. मी तिथंच खुर्चीत हमसून रडले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं.

"काय झालं वं? रडून काहून राह्यली?"

"नोकरी राहिली, आई."

"कोनाची? तुही का त्याची?"

"दोघांची."

माझी राहिली याचा सासूबाईंना आनंद झाला होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण काहीतरी खटकत होतं.

"त्याची काहून?" त्या म्हणाल्या. "त्यानं तं बटन बंद केलं होतं!"